वेगळं राहायचं असेल तर कारण सांगा

जानेवारी उजाडला की कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, एक जुना वाद नव्यानं सुरू होतो. १८ ते २५ जानेवारी हा जगात बहुतेक ठिकाणी ख्रैस्त ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. त्यानिमित्तानं शहरातल्या सगळ्या चर्चनी मिळून एक उपासना घ्यावी असं कुणीतरी सुचवतं आणि लगेच प्रश्नांची सरबत्ती होते. उपासना कुणाच्या चर्चमध्ये? संदेश कोण देणार? प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, ठेवायचं का, आणि ठेवलं तर भाकर कुणाच्या हातची? झगा घातलेले पाळक आणि साध्या शर्टातले पास्टर एका व्यासपीठावर बसणार कसे? एक बाजू म्हणते, सिद्धांत एक नाहीत तर सोहळा एक कशाला. दुसरी म्हणते, येशू एकच आहे ना, मग सिद्धांत मध्ये आणता कशाला. यंदाही हेच ऐकलं आणि दोन्ही बाजूंचं ऐकून वाईट वाटलं. पहिली बाजू सिद्धांताचं नाव घेते, पण जपते बहुतेक वेळा आपली सवय. दुसरी ऐक्याचं नाव घेते आणि एका संध्याकाळच्या कार्यक्रमावर समाधान मानते. एकत्र येऊन करायचं काय आणि कुणासाठी, याबद्दल दोघंही गप्प असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकत्र उपासना व्हावी आणि ती आत्ताच व्हावी. सगळे मतभेद मिटेपर्यंत थांबू नये. पण त्या उपासनेनं आपल्याला एकमेकांच्या वागणुकीबद्दल जाब विचारायचा हक्क दिला पाहिजे. जातीबद्दल, जमिनीच्या दाव्यांबद्दल, लग्नाबद्दल, मयतीबद्दल. हा हक्क द्यायची तयारी नसेल तर बिशपांपासून पास्टरांपर्यंत सगळे एका रांगेत उभे राहिले तरी तो फक्त फोटो ठरेल.

आधी हे पाहू की आपण वेगळे झालो कसे. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल गूल्ड वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा आले ते अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून. म्हणजे अहमदनगरच्या मराठी मिशनचीच ती शाखा, काँग्रिगेशनल परंपरेची, जिथं प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. पुढं बोर्डाशी त्यांचे मतभेद झाले, आणि १८६१ साली ते परत आले ते स्वतंत्रपणे, कोणत्याही मंडळाच्या आधाराशिवाय. १८७० साली हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे, म्हणजे वडीलजनांच्या सभांनी चालणाऱ्या परंपरेकडे गेलं. याच शहरात इंग्लंडच्या एस.पी.जी. मिशनचं अँग्लिकन, म्हणजे बिशप मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चचं, काम उभं राहिलं. आता विचार करा. ज्या कुटुंबानं १८५५ च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला असेल, ते वीस वर्षांच्या आत काँग्रिगेशनल, मग कुणाचेच नाही, मग प्रेसबिटेरियन झालं. या काळात त्या घरातल्या माणसांनी प्रेसबिटेरियन ज्याला मानतात त्या कॅल्विनचा एक तरी सिद्धांत तपासून स्वीकारला किंवा नाकारला होता का? नगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल, मिरजेचा प्रेसबिटेरियन, नाशिकचा अँग्लिकन हे त्या त्या भागात कोणत्या देशातलं कोणतं मिशन पोचलं त्यावर ठरलं. जो वारसा आपण आज प्राणपणानं जपतो त्याचा मोठा भाग मिशनांनी आपसात केलेल्या इलाक्यांच्या वाटणीतून आलेला आहे.

याच कोल्हापुरातून ऐक्याचीही एक वाट निघाली, आणि ती आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही. वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर झालं. तिथं त्याच्या पुढाकारानं शंभर तरुणांनी मिशनकार्याची शपथ घेतली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली. त्या शंभरात जॉन मॉट होते. त्याच मॉट यांनी १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं आणि आधुनिक ऐक्य चळवळीची सुरुवात तिथूनच मानली जाते. त्या परिषदेत व्ही. एस. अझारिया नावाचा पस्तीस वर्षांचा तमिळ माणूस उभा राहिला. तुम्ही गरिबांसाठी सर्वस्व दिलंत, शरीरंही दिलीत, आता आम्हाला मित्र द्या, असं त्यानं गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं. ऐक्याच्या पहिल्याच मोठ्या सभेत भारतीय माणसानं मांडला तो माणसामाणसांतल्या बरोबरीचा प्रश्न, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढं अझारिया दोर्नाकलचे बिशप झाले. १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या बैठकीत त्यांनी आणि सोबत्यांनी उघड सांगितलं की ज्या फुटींना आम्ही जबाबदार नाही त्या आमच्यावर लादल्या गेल्या आहेत. त्या बैठकीतून निघालेला रस्ता २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडियापर्यंत पोचला. उत्तरेत आणखी तेवीस वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. ज्यांच्याकडून आपण या फुटी उसन्या घेतल्या, त्या युरोप-अमेरिकेत बिशप मानणारे आणि न मानणारे अशा रीतीनं एका चर्चमध्ये तोवर आले नव्हते. आपण ते करून दाखवलं. मग कोल्हापुरात एका संध्याकाळच्या उपासनेला आपण का अडखळतो?

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं कॅथलिक बांधवांचं आहे आणि आपले प्रॉटेस्टंट लोक ते नीट ऐकूनही घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रभुभोजन, हे झालेल्या ऐक्याचं चिन्ह आहे. जे ऐक्य अजून झालेलंच नाही त्याचं चिन्ह मिरवणं म्हणजे वेदीपुढं खोटं बोलणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली ऐक्याविषयीच्या आदेशात एकत्र उपासनेला दार उघडलं, ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करणं इष्ट आहे असं म्हटलं; आणि त्याच आदेशात बजावलं की एकत्र उपासना हे ऐक्य साधण्याचं सरसकट वापरायचं साधन समजू नये. यात अहंकार शोधणं अन्याय आहे. लग्न न करता लग्नाची अंगठी घालू नये असं म्हणणाऱ्या माणसाला आपण प्रेमाचा शत्रू ठरवत नाही. म्हणून संयुक्त उपासनेत प्रभुभोजनाचा हट्ट नको, असं मला वाटतं. वचन, पापकबुली, मध्यस्थीची प्रार्थना आणि भजनं एवढ्यावर कुणाचाही विवेक दुखावत नाही. तिलकांची भजनं तर आपल्या सगळ्यांच्याच तोंडी आहेत. त्या नारायण वामन तिलकांनी १९१७ साली मिशनची चौकट सोडून ‘देवाचा दरबार’ भरवायला घेतला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा होती. त्यांची पदं गाताना कोणती मंडळी कोणत्या पंथाची, हे डोळे मिटून ओळखून दाखवावं.

पण कॅथलिकांचा मुद्दा मान्य केला म्हणून सगळं वेगळेपण मान्य होत नाही. इथं १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथं भरलेल्या परिषदेनं विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जिथं श्रद्धेतले खोल मतभेद वेगळं वागायला भाग पाडतात ती प्रकरणं सोडून बाकी सगळीकडे चर्चनी एकत्रच वागायला नको का, असं त्या परिषदेनं चर्चना विचारलं. म्हणजे पुरावा द्यायची जबाबदारी उलटली. एकत्र येऊ पाहणाऱ्यानं कारण द्यायचं नाही, वेगळं राहणाऱ्यानं द्यायचं. प्रभुभोजनाबाबत कॅथलिक चर्चनं कारण दिलेलं आहे, सविस्तर दिलेलं आहे. पण मंडळीच्या गरीब विधवांची यादी वेगळी का? दारू सोडवण्याचं काम वेगळं का? हुंडा घेणाऱ्याला एका मंडळीनं जाब विचारला तर दुसरी मंडळी त्याचं लग्न बिनदिक्कत कसं लावते? बायकोला मारणारा गडी एका चर्चमधून उठून शेजारच्या चर्चमध्ये वडीलजनांच्या बाकावर जाऊन बसतो, तिथं सिद्धांताचा कोणता मतभेद आड येतो? या प्रश्नांना ना कॅल्विनकडे उत्तर आहे, ना पोपकडे. वेगळेपणाचं खरं नुकसान हे आहे की त्यामुळं चुकणाऱ्याला पळवाट मिळते आणि दुखावलेल्याला दाद मिळत नाही.

दुसरा आक्षेप मालमत्तेचा आहे. लोक तो दबक्या आवाजात घेतात, मी उघड घेतो. ऐक्य म्हणजे मोठ्यानं लहान्याला गिळणं, अशी भीती छोट्या मंडळ्यांना आणि स्वतंत्र फेलोशिपना वाटते आणि ती निराधार नाही. १९७० च्या एकीकरणानंतर महाराष्ट्र-गुजरातेत किती ठिकाणी जुनी ट्रस्ट आणि नवी चर्च यांच्यात दावे चालले! गुजरातेतल्या ब्रेदरन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली स्पष्ट केलं की विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून मालमत्ता आपोआप जात नाही. त्यासाठी कायद्यानं घालून दिलेली रीत पाळावी लागते. कायद्याच्या दृष्टीनं निकाल योग्यच आहे, आणि ज्यांनी रीत न पाळता घाई केली त्यांनी ऐक्याचंच नाव खराब केलं. पण यातून काढायचा धडा कोणता? संस्थांचं विलीनीकरण आणि मंडळ्यांची एकजूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी दुसरीबद्दल बोलतो आहे. तिच्यासाठी सात-बाऱ्यावर एक अक्षर बदलावं लागत नाही. उलट जागेवरून भांडण असेल तर एकत्र बसायची गरज जास्त आहे. बायबलमधल्या प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला विचारलं होतं की भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही बाहेरच्यांपुढं, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? हा प्रश्न आज आपल्याला विचारला तर आपण कोणत्या तोंडानं उत्तर देणार? रविवारच्या अर्पणातला पैसा वकिलाच्या फीमध्ये जातो आणि ते अर्पण टाकणारी बाई धुणीभांडी करून आलेली असते.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून येत नाही, ती पाठिंबा म्हणून येते, आणि मला तिचीच जास्त धास्ती वाटते. ‘आपण राज्यात १ टक्कासुद्धा नाही. दिवस कठीण आहेत. एकत्र आलो नाही तर कुणी विचारणार नाही.’ भीती खरी आहे, ती बोलून दाखवणाऱ्याला मी दोष देत नाही. अन्यायाविरुद्ध एकत्र निवेदन द्यावं, मोर्चा काढावा, वकील द्यावा. नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे. पण केवळ स्वतःला वाचवायला जमलेली मंडळी ही ज्ञातिसंस्था होते. जर्मनीत १९३४ च्या मे महिन्यात बार्मेनला लुथरन, रिफॉर्म्ड (कॅल्विनला मानणारे) आणि संयुक्त (या दोन्ही मिळून झालेले) अशा तिन्ही परंपरांचे लोक एकत्र आले आणि हिटलरच्या राज्याला त्यांनी सांगितलं की चर्चचा प्रभू एकच, तो येशू ख्रिस्त. धर्मसुधारणेपासून वेगळ्या राहिलेल्या परंपरांनी मिळून कबुली द्यावी, ही केवढी मोठी गोष्ट! ते धैर्य आपल्यात येवो. पण त्या जाहीरनाम्यात ज्यू लोकांबद्दल एक शब्द नाही. चर्चच्या स्वातंत्र्यासाठी ते एक झाले, शेजाऱ्याच्या जिवासाठी नाही. ते लिहिणाऱ्यांतले प्रमुख, कार्ल बार्थ, यांनी पुढं ही आपली चूक असल्याचं स्वतः मान्य केलं. संकटात एक होणाऱ्या आपल्यासारख्या लहान समाजानं हा इतिहास पुन्हा पुन्हा वाचावा.

‘मग सेवाच एकत्र करू, उपासनेची भानगड नको,’ असंही समंजस लोक म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली, शिरोळ तालुका बुडाला, महामार्ग बंद पडला, तेव्हा कोल्हापूरच्या माणसानं जातधर्म पाहिला नाही. चर्चच्या तरुणांनीही तांदळाची पोती वाहिली, शेजारी मशिदीतली आणि तालमीतली पोरं होती. कुणाला सिद्धांत विचारावा लागला नाही. हे खरं आहे आणि याचा अभिमान वाटतो. २०२१ च्या जुलैतही तेच झालं. पण पाणी ओसरलं की माणसं आपापल्या कुंपणात परत गेली, हेही खरं आहे. पूर सगळ्यांना दिसतो, त्याच्याशी लढताना स्वतःला काही विचारावं लागत नाही. जे दुखणं आपल्याच घरात आहे, ज्यात आपलाच फायदा आहे, त्याच्याशी लढायला वारंवार देवापुढं उभं राहून ‘आम्ही चुकलो’ म्हणायची सवय लागते. ती सवय उपासनेतच लागते. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यानं सणांचा आणि गाण्यांचा तिटकारा बोलून दाखवला, न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणून सांगितलं. पण उपासना बंद करून समाजसेवा काढा असं त्यानं म्हटलं नाही. ज्या देवापुढं गाता त्याच्यासारखे वागा, एवढंच त्याचं मागणं होतं.

आता त्या घरातल्या दुखण्याकडे येतो. ते दुखणं जात आहे.

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजन बिघडलं होतं. पौलानं त्यांना झापलं ते भाकरीत ख्रिस्त कसा उपस्थित असतो या प्रश्नावरून नाही. श्रीमंत आधी येऊन जेवत होते, मजूर उशिरा पोचून उपाशी राहत होते, आणि पौल म्हणाला, तुम्ही एकत्र जमता ते प्रभूचं भोजन होतच नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे ज्यू नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या, पंगतीत बसून जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली तसा तो उठून बाजूला झाला, तेव्हा पौलानं त्याला चारचौघांत धारेवर धरलं. पहिल्या चर्चमधली पहिली मोठी भांडणं कोण कुणाबरोबर जेवतो यावरून झाली. मग आपण प्रभुभोजनाचा वाद घालताना फक्त भाकरीबद्दल का बोलतो, पंगतीबद्दल का नाही?

दक्षिण आफ्रिकेत काय झालं ते पाहा. डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडनं, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सभेनं, १८५७ साली ठराव केला. ख्रिस्ती झालेल्या काळ्या लोकांना आहे त्याच मंडळीत घ्यावं हे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असं त्यानं आधी मान्य केलं. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळं’ अडचण येत असेल तिथं त्यांनी वेगळ्या जागी उपासना करायला हरकत नाही, अशी पुस्ती जोडली. दुर्बलता कुणाची? काळ्यांशेजारी बसून प्रभुभोजन घेणं ज्यांना जड जात होतं त्या गोऱ्यांची. सवलत म्हणून आलेली गोष्ट रीत झाली, १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच काढण्यात आलं, आणि १९४८ नंतर सरकारनं वर्णभेदाचं धोरण आणलं तेव्हा त्याला धर्माचा आधार तयारच होता. मेज वेगळं झालं, मग चर्च, मग वस्ती, मग देश. आणि १९८२ साली कॅनडात ओटावा इथं रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक सभेत काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी जे आम्हाला मेजावर घेत नाहीत त्यांच्याबरोबर इथं परदेशात एकतेचं नाटक आम्ही करणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ होता. त्याच सभेनं वर्णभेदाचं धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड ठरवलं आणि दोन गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. त्या वर्षी मिश्रवर्णीयांच्या त्या चर्चनं लिहिलेली बेल्हारची कबुली ऐक्य, समेट आणि न्याय या तिन्ही गोष्टी एकाच दमात मांडते. जे लोक मला म्हणतात की एकत्र उपासना ही नेहमीच चांगली असते, त्यांना मी ओटावाची आठवण करून देतो. कधी कधी मेजावरून उठणं हीच ऐक्याची मागणी असते.

‘आपल्यात जात नाही’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्यांचा मोठा भाग महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आला, ज्या गावांनी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्या गावांतून आला. त्या इतिहासाची लाज वाटायचं काहीच कारण नाही. लाज वाटावी ती पुढच्या गोष्टीची. मुलगी दाखवायला नेली की चहाचा कप हातात येण्याआधी विचारलं जातं, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ गाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, ‘नाही, म्हणजे आधीचे?’ आडनावावरून अंदाज, आजोबांच्या गावावरून खात्री, आणि मग ‘पत्रिका नाही पाहत हो आम्ही, पण घरच्यांचं मन’ असं म्हणून नकार. हे मी कॅथलिक घरांत पाहिलं आहे, प्रॉटेस्टंट घरांत पाहिलं आहे आणि रात्रभर हात वर करून स्तुती करणाऱ्या घरांतही पाहिलं आहे. सिद्धांतांवर ज्यांचं कधी जमलं नाही त्यांचं या एका बाबतीत पूर्ण ऐक्य आहे.

आणि याच समाजाच्या वतीनं आपण न्यायालयात काय सांगतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं; दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. १९८५ साली सूसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धर्म बदलल्यावरही तीच सामाजिक अवनती टिकून आहे हे दाखवून द्यावं लागेल. तेव्हापासून चर्चचे नेते कागदोपत्री सांगतात की आमच्यात जात शिल्लक आहे, तिचा त्रास होतो. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे स्वच्छ कबूल केलं, आणि त्यांच्या या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार. पण आपल्या व्यासपीठावरून मात्र दर रविवारी सांगितलं जातं की ख्रिस्तात जात नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलायचं कारण नाही. न्यायाधीशापुढं एक बोलायचं आणि देवापुढं दुसरं, हे किती दिवस चालणार? संयुक्त उपासनेत सगळ्या मंडळ्यांनी मिळून सगळ्यात आधी कोणती गोष्ट करावी असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जातीच्या पापाची कबुली. नाव घेऊन, मराठीत, मोठ्यानं.

या शहराला हे शिकायला दूर जावं लागत नाही. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढून दिलं, गाडी तिथं थांबवून स्वतः चहा मागवून घेतला आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावलं. महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, हुकूम काढले होते, वसतिगृहं उघडली होती. तरीही भर रस्त्यात कप तोंडाला लावायची गरज त्यांना वाटली. हुकूम आणि पंगत या दोन्ही गोष्टी लागतात, एकीनं भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. सेवा एकत्र करू आणि उपासना वेगळी ठेवू म्हणणाऱ्यांना, आणि उपासना एकत्र झाली की काम झालं म्हणणाऱ्यांना, या दोघांनाही कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलेलं आहे.

मग सुरुवात कुठून करायची? मी दफनभूमीपासून म्हणेन, कारण तिथं आपलं वेगळेपण सगळ्यात उघडं पडतं. एका मयतीच्या घरी मी स्वतः होतो. म्हातारा गेला होता, दुपारचं ऊन, बर्फाची लादी वितळून जमिनीवर पाणी पसरलेलं. थोरला मुलगा दारात उभा राहून फोनवर फोन लावत होता. बापाचं नाव एका मंडळीच्या पटावर होतं पण वर्गणी काही वर्षं थकलेली. तो स्वतः दुसरीकडे जायला लागला होता, तिथं स्वतःची जागा नव्हती. पहिल्या मंडळीचे पंच म्हणत होते, थकबाकी भरा आणि तुमच्या पास्टरला आत प्रार्थना करता येणार नाही हे लिहून द्या. संध्याकाळी नातेवाइकांनी पैसे गोळा केले तेव्हा कबर खणायला माणूस गेला. तिथं कोणता सिद्धांत राखला गेला? देहाच्या पुनरुत्थानावर तर आपला सगळ्यांचाच विश्वास आहे. यापुढं कोणत्याही ख्रिस्ती माणसाला वर्गणीवरून किंवा पंथावरून माती नाकारली जाणार नाही, आणि त्याच्या घरच्यांना हवा तो पाळक तिथं प्रार्थना करील, एवढा एक ठराव सगळ्या मंडळ्यांनी मिळून करावा. खर्चाचा वाटा सगळ्यांनी उचलावा. संयुक्त उपासनेचं अर्पण त्यातच जावं. त्यानंतर आपसातल्या दाव्यांसाठी प्रत्येक मंडळीतून दोन माणसं घेऊन समेटाचं पंचमंडळ नेमावं, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं म्हणणं कोणत्याही मंडळीची असली तरी त्यांनी ऐकावं. कायद्याचा गुन्हा असेल तिथं पंचमंडळानं मध्ये न पडता तिला पोलिसात जायला सोबत करावी, हेही लिहून ठेवावं. समेटाच्या नावाखाली बायकांना गप्प बसवण्याचा आपला इतिहास फार जुना आहे.

यातल्या कशालाही सिनडची मंजुरी लागत नाही, रोमची लागत नाही, अमेरिकेतल्या कोणत्या मिशनची तर मुळीच लागत नाही. कोणत्या पंच कमिटीकडे दफनाची नोंदवही आहे आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे शहरातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ठाऊक आहे. उपासनेच्या तयारीची पुढची बैठक ठरेल तेव्हा त्या कमिट्यांनी आपापल्या वह्या घेऊन यावं, आणि संदेश कोण देणार हा विषय वह्या उघडून झाल्यावर घ्यावा.